अंबादास सरांचं अस्सल रेकॉर्डिंग

परीक्षा उद्यावर आली होती आणि पोरं काही घाबरेनात, ही अंबादास सरांची अडचण होती. अग्निशमन दलात नव्याने भरती झालेल्यांना गोंधळात डोकं थंड ठेवायला ते शिकवत. काळोख्या खोलीत धूर सोडायचा, स्पीकरवर किंकाळ्या लावायच्या आणि त्यातून सत्तर किलोची डमी शोधून आणायला लावायची. पण त्याच त्या किंकाळ्यांना पोरं एवढी सरावली होती, की आता त्यांच्या तालावर शीळ घालत. उद्या तर दलाचे प्रमुख चंद्रप्रकाश साहेब स्वतः बघायला येणार होते. मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी होती आणि सरांचा तिच्यावर बारा वर्षं डोळा होता.

अस्सल गोंधळ कुठे मिळेल, याचा सरांना फार विचार करावा लागला नाही. परीक्षेच्या सकाळी कांजूरमार्गच्या घरात त्यांनी मोबाइल फ्रिजवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. कुकर, मिक्सर, टीव्ही, बायकोचा आवाज, सगळं आपोआप जमा झालं. मधेच घरात थोडी पळापळ झाली आणि तिच्या नादात मोबाइल चालू आहे हे सर विसरून गेले. ऐकून बघायचं राहूनच गेलं.

कोणी आवाज बंद करू नये म्हणून त्यांनी मोबाइल धुराच्या खोलीतच, स्पीकरशेजारी ठेवला. डमी बाहेर येईपर्यंत आवाज थांबणार नाही, हेही साहेबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. पहिला नंबर सम्यकचा होता. तो रांगत आत गेला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मिक्सर फिरला, साहेबांनी खुशीत मान हलवली. मग स्पीकरवर ओळखीचा आवाज आला.

"शीतल, अगं पाल! धाव ना गं, माझ्याच बाजूला येतेय ती."

"अहो, मग स्टुलावरून उतरा. स्टूल मला द्या."

"मी नाय उतरणार. तू आधी तिला घालव."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. रांगेतल्या पोरांनी जमिनीकडे पाहिलं, कारण सरांकडे पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. सरांची कानशिलं तापली. वीस वर्षांची इभ्रत एका पालीने गिळली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि 'आधी विचार, मग पाऊल' असं शेकडो पोरांना शिकवणारा हा माणूस मास्क न घालताच धुरात घुसला.

आत मोबाइल काही सापडेना. खोकून खोकून बेजार झालेले सर भिंतीला टेकून खाली बसले, तोच सम्यकचा हात त्यांच्या पायाला लागला.

"अरे सोड, मी आहे!"

सम्यक अजिबात गडबडला नाही. घाबरलेला माणूस सोड म्हणतोच, तरी त्याला सोडायचं नाही, हे त्याला सरांनीच शिकवलं होतं. त्याने त्यांना खांद्यावर टाकलं आणि थेट साहेबांपुढे येऊन उभा राहिला.

"शाबास," साहेब म्हणाले. ते अर्थातच सम्यकला होतं. सर खांद्यावर उलटे लोंबत होते, आणि तोंड लपवायला दोन्ही हात मोकळे होते, एवढीच काय ती सोय होती. उघड्या दारातून स्पीकरचा आवाज अजून येतच होता.

"गेली हो ती. उतरा आता खाली."

अंबादास सर मुकाट्याने खाली उतरले.