विद्युतक्षेत्राची चव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अंगाला, टॉवेलच्या कारखान्यांच्या खडखडाटात एक शाळा आणि तिला चिकटलेलं कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथं वर्षानुवर्षं अकरावीला विद्युतक्षेत्र शिकवलं जात होतं आणि त्याविषयी कुणाची काही तक्रार नव्हती, कारण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. फळ्यावर एक गोल काढायचा, आत अधिकचं चिन्ह घालायचं, चारी अंगांनी बाण सोडायचे आणि परीक्षेला हाच गोल येतो असं सांगायचं. मुलं गोल काढत, गुण मिळवत आणि तो गोल वहीसकट रद्दीवाल्याला देत. सगळं सुरळीत चाललं होतं.

बिघडलं ते गुरुशांत कलशेट्टीमुळं. पदार्थविज्ञानाचा हा तरुण मास्तर शिक्षणसेवक म्हणून लागला होता आणि त्याची मुदत संपत आली होती. तसा स्वभावानं गरीब, वेळेवर येणारा, पण त्याला एक खोड होती. आपण शिकवलेलं मुलांना कळावं, असं त्याला मनापासून वाटायचं. सहकाऱ्यांनी त्याला प्रेमानं समजावलं होतं, पण जित्याची खोड ती, जाते कुठं!

त्या दिवशी त्यानं घरून घोंगडं आणलं. सांगोल्याच्या मामानं दिलेलं, अस्सल लोकरीचं. त्यावर फुगा खसाखसा घासला आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे टणाटण उडून फुग्याला जाऊन चिकटले. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची काव्या मात्र हसली नाही. ती म्हणाली, "सर, फुगा कागदाला शिवलाच न्हाई की. मग वढलं कुणी?"

गुरुशांतला इतका आनंद झाला की तास संपल्याची घंटा त्याला ऐकू आली नाही. प्रभार दोन जातींचे, एका जातीचे एकमेकांना लोटतात, वेगळ्या जातीचे ओढतात, आणि प्रभाराच्या भोवती, दिसत नसला तरी, त्याचा अंमल पसरलेला असतो, त्यालाच क्षेत्र म्हणायचं, हे सगळं त्यानं घामाघूम होत सांगितलं. मग नियमाप्रमाणं फोटो काढला आणि पोर्टलवर चढवला.

हा नियम 'दृश्य अध्यापन अभियाना'तला. वर्गात जे शिकवलं त्याचा फोटो, ठिकाण आणि वेळेसह, पोर्टलवर टाकायचा. वर कुणीतरी तो तपासायचा आणि घटकापुढं हिरवा ठिपका द्यायचा. सगळे ठिपके हिरवे झाले की शिक्षणसेवक कायम. गुरुशांतचे बाकीचे सगळे घटक हिरवे होते. याच्यापुढं मात्र लाल ठिपका उगवला आणि खाली शेरा आला: 'छायाचित्रात फुगा आढळून येतो. विद्युतक्षेत्र आढळून येत नाही. त्रुटीपूर्तता करावी.'

विद्युतक्षेत्र हे मूलतःच अदृश्य असते, असं त्यानं नम्रपणे कळवलं. उत्तर तातडीनं आलं: 'अदृश्य असल्यास शिकवले हे कशावरून?' प्रश्न मूर्खपणाचा होता, पण खोटा म्हणता येत नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हा ठिपका नुसता नोकरीचा नव्हता. अक्कलकोटच्या चंद्रिकाशी त्याचं ठरल्यात जमा होतं, पण तिच्या वडिलांनी कायम नेमणुकीची ऑर्डर बघितल्याशिवाय सुपारी फोडायची नाही असं सांगून ठेवलं होतं. मुलगा चांगला आहे, हे त्यांना पटलं होतं. पण चांगुलपणावर सही-शिक्का नसतो. लाल ठिपक्याची बातमी ऐकून चंद्रिका फोनवर म्हणाली, "तुमचं ते क्षेत्र दिसंना, तवर आमच्या अप्पांना जावई दिसायचा न्हाई. बघा काय करताव ते." आणि तिच्या आवाजात हसू असलं तरी खाली काळजी होती, ती त्याला ऐकू आली.

तो मुख्याध्यापकांकडं गेला. बसलिंगप्पा सर निवृत्तीला आलेले, आणि आपल्या कारकिर्दीत आपल्यावर एकही ताशेरा नाही, हा त्यांचा एकमेव अलंकार. त्यांनी शेरा वाचला, चष्मा काढला आणि दिसायला पाहिजे म्हणत असतील तर दाखवून टाका, असा सोपा मार्ग सांगितला.

आणि गंमत अशी की तसा मार्ग खरोखरच होता. एका ताटलीत एरंडेल घ्यायचं, त्यावर रवा भुरभुरवायचा, आत दोन तारा बुडवून त्यांना जोराचा विद्युतदाब द्यायचा. रव्याचे कण वळतात, एकामागं एक उभे राहतात आणि फळ्यावरचे ते बाण डोळ्यांपुढं उमटतात. दाबासाठी डास मारायची बॅट पुरते. बॅट गुरुशांतकडं होती, एरंडेल प्रयोगशाळेत होतं. राहिला मूठभर रवा.

तो गुरुशांत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणणार होता. बसलिंगप्पा सरांनी त्याला दारातच अडवलं. शाळेच्या प्रयोगात बाहेरची वस्तू आली आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण? प्रयोगशाळेच्या खर्चात रवा बसत नाही, कारण रवा हे रसायन नव्हे. तो खाद्यपदार्थ आहे, आणि खाद्यपदार्थ शाळेत एकाच दारानं येतो, पोषण आहाराच्या. खालच्या वर्गांची खिचडी शिजवणाऱ्या सुंदरम्मांच्या कोठीत रवा होता. तिथून तो रीतसर मागवण्यात आला.

आणि तिथंच घात झाला. पोषण आहाराच्या कोठीतून निघालेली वस्तू मुलांपुढं ठेवण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यानं तिची चव घेतली पाहिजे, असा नियम आहे. चांगला नियम आहे. मुलांच्या पोटाची काळजी म्हणून केलेला आहे. गुरुशांतनं परोपरीनं सांगितलं की हे खायचं नाही, हे बघायचं आहे.

"खायचं न्हाई हे तुमाला म्हाईत," बसलिंगप्पा सर शांतपणे म्हणाले. "नियमाला कुटं म्हाईत हाय?"

मग निदान कोरड्या रव्याची चिमूट तोंडात टाका, तेल नंतर घालू, असं त्यानं सुचवलं. तेही चालेना. नियम म्हणतो, पदार्थ ज्या स्वरूपात मुलांपुढं जाणार त्याच स्वरूपात चाखायचा. एरंडेल हे पोट साफ करायचं औषध आहे, याची आठवण त्यानं हळूच करून दिली. सरांनी ती ऐकून घेतली. लहानपणी दर रविवारी आईनं नाक दाबून पाजलेलं त्यांना आठवलंही असावं, कारण त्यांचा चेहरा क्षणभर पडला. पण पोट एक दिवस बिघडतं, ताशेरा जन्मभर राहतो.

प्रयोगाचा दिवस ठरला आणि ठरताच त्याचा समारंभ झाला. समितीचे अध्यक्ष वीरभद्रप्पा, टॉवेलच्या कारखान्याचे मालक, यांना बोलावणं गेलं. क्षेत्र दिसतं की नाही याची समक्ष खातरजमा करायला विस्तार अधिकारी बिभीषण माने यांनी यायचं कबूल केलं. मांडव आला, हार आले, फेटे आले. सुंदरम्मांना कुणीतरी सांगितलं की साहेब आज तुमच्या रव्याची चव घेणार. त्या नवं लुगडं नेसून आल्या आणि ताटली बघून त्यांना धक्का बसला. कच्चा रवा, वर गार तेल! ह्यो पदार्थ माझा न्हाई, माझं नाव घेऊ नका, असं त्यांनी सगळ्यांना फिरून सांगितलं.

सकाळी शाळा भरताच चव घेण्याचा विधी झाला. बसलिंगप्पा सरांनी डोळे मिटून मोठा चमचा तोंडात घातला. वीरभद्रप्पांनी घातला, चघळला, बोटातल्या अंगठ्या बघत विचार केला आणि मीठ कमी असल्याचं मत दिलं. मान्यांची गोष्ट वेगळी होती. मागं एका शाळेत चव न घेताच घेतली असं लिहिल्याबद्दल त्यांना नोटीस आली होती. तेव्हापासून ते पोटभर चाखायचे. त्यांनी एक चमचा घेतला, मिठाबद्दल खात्री करायला दुसरा घेतला आणि नोंदवहीत 'पदार्थ रुचकर, मीठ वाढवावे' असं लिहून सही केली. कारकून सिद्धराम यानं तिघांचा चमच्यांसकट फोटो काढला. गुरुशांतला कुणी चव विचारली नाही. ज्यानं पदार्थ केला त्याची साक्ष धरत नाहीत.

यानंतर लगेच प्रयोग झाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दीपप्रज्वलन राहिलं होतं. मग स्वागतगीत झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. वीरभद्रप्पांनी विजेच्या दरावर मनोगत व्यक्त केलं. दुपार कलली. ताटली टेबलावर झाकून ठेवली होती आणि तिच्यावर कुणीतरी नारळ ठेवला होता. माने साहेब विज्ञानाचं जीवनातलं स्थान सांगायला उठले, ते स्थान सांगता सांगता मध्येच थांबले आणि वीरभद्रप्पांकडं बघू लागले. वीरभद्रप्पा आधीपासूनच बसलिंगप्पा सरांकडं बघत होते. सर कुठंच बघत नव्हते.

मग तिघंही मान्यवर, फेट्यांसकट, एका दिशेनं निघाले. आधी चालत, पुढं जरा लगबगीनं. शाळेत पाणी येणारं स्वच्छतागृह एकच होतं. बाकीच्यांना कुलूप होतं, कारण तीही फोटो काढून झाल्यावर बंद करून ठेवलेली होती.

व्यासपीठ रिकामं झालं. गुरुशांतनं घड्याळ बघितलं, नारळ बाजूला केला आणि मुलांना जवळ बोलावलं. बॅटला जोडलेल्या तारा तेलात बुडवल्या. बॅटचं बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तेलावरचा रवा हलला. एक कण वळला, त्याच्यामागं दुसरा उभा राहिला, आणि बघता बघता एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत बारीक पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या, मधल्या सरळ, कडेच्या कमानीसारख्या. लांबून कारखान्याचा खडखडाट ऐकू येत होता.

काव्या वाकून बघत होती. बॅटचं बटण सुटलं तशा रेघा विस्कटल्या. दाबलं तशा परत उभ्या राहिल्या.

"म्हंजे ते हितं हुतंच," ती हळू आवाजात म्हणाली. "रव्यानं फकस्त दाखवलं. पर सर, कण असे उभे का राहत्यात?"

गुरुशांतच्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला हरकत नाही. यासाठीच तो मास्तर झाला होता. त्यानं मुलांना खाली बसवलं आणि रव्याचा कण क्षेत्रात आला की त्याच्या पोटात काय घडतं, त्याची दोन टोकं वेगळी कशी होतात, एकाचं टोक दुसऱ्याला का ओढतं, हे सगळं नीट, सावकाश, उलगडून सांगितलं. सिद्धरामनं रेघांचा फोटो काढला. इतका स्वच्छ की कण मोजावेत.

तो फोटो त्याच संध्याकाळी पोर्टलवर चढला आणि सकाळी शेरा आला: 'छायाचित्रात मान्यवर आढळून येत नाहीत. त्रुटीपूर्तता करावी.'

मुदतीचा शेवटचा दिवस होता. चंद्रिकाचा फोन येऊन गेला होता. अप्पा दुसऱ्या स्थळाचं नाव घेऊ लागले होते. सिद्धरामनं मोबाईल पुढं केला. त्यात काल सकाळचा, चव घेतानाचा फोटो होता: तीन फेटे, तीन चमचे, तीन उघडी तोंडं. ताटली हाराआड गेली होती. गुरुशांतनं एकदा रेघांकडं बघितलं, एकदा चमच्यांकडं, आणि चमचे चढवले.

दुपारी ठिपका हिरवा झाला. शेरा होता: 'विद्युतक्षेत्र सुस्पष्ट. इतर शाळांनी अनुकरण करावे.' त्याप्रमाणं आता करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत शाळाशाळांतून विद्युतक्षेत्राची चव घेतली जाते. काही ठिकाणी मीठही घालतात. गुरुशांत कायम झाला, सुपारी फुटली, आणि तो आता फळ्यावर गोल काढतो. काव्याला ते खटकतं. ती अजून हात वर करते. तो मान खाली घालून म्हणतो की हे परीक्षेला नाही.

आपण मात्र त्या सगळ्यांना हसलो. फोटो बघणारा साहेब, चमचे चाटणारे मान्यवर, गोल काढणारा मास्तर, सगळेच हास्यास्पद.

तेवढं एक राहिलं. कण उभे का राहतात, असं त्या पोरीनं विचारलं होतं, आणि गुरुशांतनं त्याचं उत्तर नीट, सावकाश, उलगडून दिलं होतं. ते उत्तर मी एका वाक्यात उरकलं. तिथं थांबून तुम्हीही काही विचारलं नाहीत. पण त्या तिघांना स्वच्छतागृह वेळेत गाठता आलं की नाही, हे मी सांगितलेलं नाही, ते तुम्हाला नक्की आठवतंय.