आतून घातलेली शिवण

मुलगी माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी तिने बॅगेतले सगळे कपडे काढून कपाटात लावले. शिंप्याच्या बायकोने ते पाहिलं आणि ती तडक नवऱ्याच्या मशीनपाशी गेली.

"अहो, पोरगी भेटायला नाही, राहायला आलीय."

शिंप्याने मशीनवरचा पाय काढला नाही. "कारण काय म्हणते?"

"म्हणते, त्यांनाच विचारा."

शिंप्याने मग आपल्या पद्धतीने मार्ग काढला. जावयाला जंगलात मुक्कामाला जायचा नाद होता. सुट्टी मिळाली की पाठीवर बोचकं टाकून निघायचा. या वेळी शिंपी म्हणाला, "मीपण येतो." दोघेच जण, एक तंबू, आजूबाजूला चिटपाखरू नाही. माणूस मोकळा होईल, आपण हात जोडू, पोरीचा संसार मार्गी लागेल. पोरीला स्वतःला काय हवंय, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या चढावर त्याने तोंड उघडलं नाही. शिंप्याला धाप लागली तेव्हा फक्त म्हणाला, "घाबरू नका, सगळं ठीक आहे." शिंपी तोवर घाबरला नव्हता. तेव्हापासून घाबरला.

मुक्कामाला शिंप्याने ओढ्याचं कोरडं पात्र पसंत केलं. "वाळू मऊ आहे, कंबरेला बरी." जावयाने वर डोंगराकडे पाहिलं, काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं, आणि तो म्हणाला, "ठीक आहे." खाण्याच्या वासाने अस्वल येऊ नये म्हणून त्याने दोघांची बोचकी दूर एका झाडाला टांगली. सुरी, कात्री, सगळं त्यांतच गेलं.

तंबूत शिरल्यावर दाराची चेन तुटली.

"असू दे, बाबा. पडदा ओढून घेऊ."

"उघड्या दारात झोपायचं? अस्वलाला आवतण देताय का?" शिंप्याच्या खिशात सुई आणि मेण लावलेला दोरा कायम असायचा. त्याने टॉर्चच्या उजेडात दार आतून शिवलं, वरून खालपर्यंत, दुहेरी टाका. दोरा दाताने तोडला आणि शिवणीवरून समाधानाने बोट फिरवलं. "आता हत्तीला उसवायची नाही."

जावयाच्या कपाळावर घाम आला. तो भरभर श्वास घेऊ लागला.

"काय हो, जावईबापू? अडकलेल्या लोकांना तुम्ही रोज धीर देता ना?"

"तेव्हा मी बाहेर असतो, बाबा."

भीतीने त्याची जीभ मात्र सुटली. शिंप्याने संधी साधली. "पोरगी का आली हो?"

"रडत होती. मी म्हटलं, घाबरू नका, सगळं ठीक आहे."

"बायकोला 'घाबरू नका'?"

"सवयीने तोंडात आलं. तर म्हणाली, तुम्ही अगदी माझ्या बाबांवर गेलात."

"म्हणजे कसे?"

जावयाने जरा आढेवेढे घेतले. "म्हणाली, कसं फाटलं ते विचारायचं नाही, आधी शिवून मोकळं व्हायचं."

शिंपी दाराकडे बघत राहिला. जोडायला म्हणून आणलेले हात त्याने मांडीखाली घेतले.

वर डोंगरात पाऊस पडला असावा. उजाडायच्या सुमारास शिंप्याची पाठ गार लागली, मग वाळू हलली, मग पाणी थेट तंबूत आलं.

"उसवा, बाबा!"

"कशाने? सुई वाहून गेली! तुम्ही दाताने तोडा."

"तुमच्या दाताने तोडा ना!"

"पुढचे आहेत कुठे आता? दाढांनी तोडला होता!"

जावयाने दात लावला. टाका जागचा हलला नाही, दाताचा कपचा निघाला. पाणी गुडघ्याला लागलं. आता बुडून मरायचं नसेल तर एकच वाट होती. दोघांनी मिळून रेटा दिला, खुंट्या उपटल्या, आणि तंबू दोघांना पोटात घेऊन रांगत काठावर चढू लागला. दगडांत जावयाचा पाय अडकला आणि कडकन वाजला. तो जनावरासारखा ओरडला.

काठावर एक बाई सरपण गोळा करत होती. तिला एवढंच दिसलं की एक तंबू चार पायांवर चढून येतोय आणि गुरगुरतोय. तिने हातातलं लाकूड उचललं.

"मेल्या अस्वला! माणसांना खाल्लंस ना?"

"बाई, मारू नका! आम्ही माणसं आहोत!"

"अगं बाई, जिवंत आहेत अजून!" म्हणत तिने दुप्पट जोराने हाणायला सुरुवात केली. "सोड! सोड त्यांना!"

दमली तेव्हाच थांबली. मग तिने कमरेचा कोयता काढून कापडावर घातला आणि सुजलेली दोन तोंडं आतून बाहेर आली. अस्वल नव्हतं म्हणून ती थोडी हिरमुसलीच.

जावयाच्या पायाला प्लास्टर लागलं. तो राहायचा वरच्या मजल्यावर, आणि इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. ती चालू करणारा माणूस लंगडा होऊन पडलेला. तेव्हा त्याला शिंप्याच्याच घरी आणावं लागलं. मुलीने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाणी आणून दिलं.

संध्याकाळी शिंपी तिच्याजवळ जाऊन बसला. काळीनिळी बोटं एकमेकांत अडकवत म्हणाला, "तुला काय हवंय गं?"

ती दचकली. "खरंच विचारताय?"

"हो."

"सांगितलं तर लगेच काहीतरी करायला उठाल."

"नाही उठत. एवढा मार खाल्ल्यावर उठवतही नाही."

तिला हसू आलं नाही. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला माझं घर हवंय, बाबा. माझ्या खिडकीत एकटीने बसायचंय. रडू आलं तर पोटभर रडायचंय. मध्ये कुणी समजूत घालायला नको."

"मग? जावईबापूंचं काय?"

"ते मला अजून ठाऊक नाही."

शिंप्याच्या जिभेवर चार उपाय आले. त्याने चारही गिळले. बोचकं गिळल्यासारखं जड वाटलं. कपाटातले कपडे तिने पुन्हा बॅगेत भरले, आतल्या खोलीच्या दारात क्षणभर उभी राहिली, "पायाला जपा" एवढं म्हणाली, आणि आपल्या घराचे जिने चढायला निघून गेली.

जावयाने भिंतीकडे तोंड केलं. शिंप्याने त्याच्या पायाखाली उशी सरकवली आणि तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने कुंपणावरून डोकावून विचारलं, "पोरगी गेली वाटतं सासरी?"

"गेली," शिंप्याची बायको कपडे पिळत म्हणाली. "आता जावई आलाय नांदायला."