सिंहाची मोटार आणि गेनबाचे हात

एका उंच डोंगरावरच्या जंगलात, मुलांनो, एक सिंह राहत होता. त्याच्याकडे मोटार होती. जंगलात रस्ता नव्हता, पण मोटार असल्यावर रस्त्याचं काय एवढं! सिंह रोज सकाळी गुहेपाशी मोटारीत बसायचा आणि चाळीस पावलांवरच्या वडाखाली उतरायचा. तिथं दरबार भरायचा.

मोटार धुवायचं काम गेनबा वानराकडे होतं.

त्या साली थंडी अशी पडली की गवतावरचं दव गोठलं. झऱ्याचं पाणी बोटांना चावू लागलं. गेनबाचे तळवे फुटले, भेगांतून रक्त यायला लागलं. शेवटी तो सिंहाच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे कोल्ह्याकडे गेला.

"कारभारी, थंडीत मोटार धुणं धोक्याचं आहे हो."

कोल्हा दचकला. "अरे बापरे! काय झालं मोटारीला?"

"मोटारीला नाही, मला..."

पण तोवर कोल्हा गुहेत पोचलासुद्धा होता.

लगेच समिती नेमली गेली. कोल्हा अध्यक्ष, तरस आणि मोर सभासद. तिघांपैकी एकानंही जन्मात बादली उचलली नव्हती, त्यामुळे अहवाल अगदी निःपक्षपाती झाला. गार काचेवर कढत पाणी ओतू नये, काच तडकते. दाराचं रबर कोरडं पुसावं, नाहीतर पाणी गोठून दार चिकटतं. फडकं मऊ असावं. सगळं बरोबर होतं, कारण सगळं गेनबालाच विचारून लिहिलं होतं.

"आणि हात बुडवायला थोडं कोमट पाणी?" गेनबानं विचारलं.

"हात हा समितीचा विषयच नाही," कोल्हा म्हणाला.

आठवड्याभरात गेनबाची बोटं मिटेनाशी झाली. फांदी सुटली आणि तो झाडावरून पडला. झाडावरून पडलेल्या वानराला, मुलांनो, दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते. तो मुकाट्यानं एका कपारीत जाऊन पडून राहिला.

नवा वानर यायला एक दिवस होता. तेवढा दिवस कोल्ह्यानंच फडकं हातात घेतलं. दोन तांब्यांतच त्याच्या पंजांना कळा आल्या. रबर पुसायचं त्यानं सोडून दिलं. कोण बघतंय!

सिंह आत बसला. गारठलेलं इंजिन सुरू व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्यात दाराच्या फटीतलं पाणी गोठलं. वडाखाली पोचल्यावर दार काही उघडेना.

"महाराज, कढत पाणी ओतू?" कोल्ह्यानं बाहेरून विचारलं.

"खबरदार! काच तडकेल!"

"मग एक लाथ घालू?"

"रंग उडेल, गाढवा!"

कोल्हा धापा टाकत कपारीपाशी आला. "गेनबा, बाबा रे, काही उपाय?"

गेनबानं हात काखेत घातले. "आहे की. उन्हं वर येईपर्यंत बसून राहायचं."

सिंह बसून राहिला. एक पंजा मारला असता तर काचेचा चुरा झाला असता, पण त्याचं मन होईना. बाहेर हरणं मोटारीला अंग घासत चरत होती. एक पाडस तर काचेला नाक लावून आत बघत राहिलं. सिंह कुडकुडत त्याच्याकडे बघत राहिला.

भर दुपारी दार सुटलं. सिंह शिंकत शिंकत उतरला.

"थंडी म्हणजे काय असतं," तो जड आवाजात म्हणाला, "ते आज आम्हाला कळलं."

दरबाराचे डोळे पाणावले. सशाला वाटलं, चला, गेनबाच्या हातांचं आता काहीतरी होणार.

"बिचारी मोटार!" सिंह म्हणाला. "रोज अशी उघड्यावर असते. तिला पांघरूण घाला!"

हुकूम निघाला, घरटी एक घोंगडी. संध्याकाळी कोल्हा कपारीत शिरला. गेनबा आपल्या घोंगडीत हात गुंडाळून बसला होता.

"चांगल्या कामाला लागतेय, गेनबा," असं म्हणून कोल्ह्यानं घोंगडीचं टोक ओढलं.

गेनबाला ती धरून ठेवता आली नाही.

तात्पर्य: थंडीत मोटार धुताना काच, रबर आणि रंग यांची नीट काळजी घ्यावी. हातांची घेऊ नये. काच फुटली तर परगावाहून मागवावी लागते. हात काय, दुसऱ्या दिवशी नवे दारात येऊन उभे राहतात.