आठवड्याला तीन सांत्वनं

कर्मचारी हाही अखेर माणूसच असतो, हे सत्य फार जुनं आहे. आमच्या कंपनीत ते गेल्या एक तारखेपासून लागू झालं.

तोवर आमचा कारभार तोफेच्या हाती होता. तोफ म्हणजे आमचे जुने संचालक. रजेचा अर्ज घेऊन गेलं की ते कडाडायचे, "तुमच्याच घरची माणसं बरी दर महिन्याला आजारी पडतात!" आणि ओरडता ओरडता सही ठोकायचे. या सगळ्याला अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटात समोरच्याच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार त्यांनी एकदाही केला नाही. माणूस रजा घेऊन घरी जायचा, पण आपुलकी न घेता.

तोफ निवृत्त झाली आणि मॅडम आल्या. त्या तीन दिवसांचं निवासी शिबिर करून आल्या होत्या. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं, की आपण बाटल्यांची झाकणं बनवतो हा निव्वळ योगायोग आहे. खरं तर आपण एक कुटुंब आहोत. (मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, मग जेवणाची सुट्टी वाढणार का. तो प्रश्न कुटुंबविरोधी म्हणून नोंदवण्यात आला.) त्याच सभेत स्नेहकक्ष स्थापन झाला आणि त्याचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. मी आधी अठरा वर्षं भांडार सांभाळत होतो. माल शिल्लक किती आणि मागणी किती, एवढं कळलं की कुठलाही विभाग चालवता येतो.

नियम सोपा केला. प्रत्येक अधिकाऱ्याने आठवड्याला किमान तीन सांत्वनं करायची. एक सांत्वन सात मिनिटांचं. खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून घ्यायची, डावा हात कर्मचाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा (उजवा नोंदवहीसाठी मोकळा हवा) आणि "मी समजू शकतो" हे वाक्य निदान दोनदा म्हणायचं. ज्याची सांत्वनं कमी भरतील, त्याची बढती पुढल्या वर्षी.

अधिकारी चौदा. म्हणजे आठवड्याला बेचाळीस सांत्वनं. कर्मचारी एकतीस. पहिल्याच आठवड्यात दुःखांची भीषण टंचाई जाणवली. मी तातडीने पाहणी केली. अकरा जणांना कसलंच दुःख नव्हतं. सहा जणांचे गुडघे दुखत होते (किरकोळ माल). चौघांनी सांगायला नकार दिला. नऊ जणांचं दुःख एकच निघालं, ते म्हणजे स्नेहकक्ष. ते अपात्र ठरवावं लागलं.

उरला एक. तो म्हणजे आमचा जावक कारकून, पार्सलं बांधून पत्ते घालणारा.

त्याच्या आईचा एक डोळा फार वर्षांपूर्वीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. चोवीस तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन ठरलं होतं. म्हातारीने सांगून टाकलं होतं, "तू दाराबाहेर बसणार असशील तर मी आत जाते. नाहीतर आहे तेवढ्या उजेडात काढीन उरलेले दिवस." घरात तिसरं माणूस नाही. त्याने एका दिवसाच्या रजेचा अर्ज स्नेहकक्षात दिला.

त्या अर्जावर सगळे अधिकारी अक्षरशः तुटून पडले. इतकं अस्सल दुःख कंपनीच्या आवारात आजवर आलंच नव्हतं. विक्रीप्रमुखांनी सकाळीच एक सांत्वन उरकून घेतलं. गुणवत्ताप्रमुख तर रडल्या (जादा दोन गुण). दुपारपर्यंत एवढी रेटारेटी झाली, की मला वेळापत्रक करून कारकुनाच्या टेबलावर चिकटवावं लागलं. मधल्या वेळात तो पार्सलं बांधायचा.

आता कुणी म्हणेल, सही करून मोकळं का नाही झालात? त्याने काय झालं असतं, याचा शांतपणे विचार करावा. रजा मिळाली असती, आई दवाखान्यात गेली असती आणि दुःख संपलं असतं. चौदा अधिकाऱ्यांची बढती त्या एका डोळ्यावर अवलंबून होती. म्हणून अर्जावर शेरा मारला : 'नामंजूर नाही. ऐकून घेणे चालू आहे.'

एकवीस तारखेला तो माझ्याकडे आला.

"साहेब, तेवढी सही मिळाली असती तर..."

"मी समजू शकतो," मी म्हणालो.

"समजू नका हो साहेब. सही करा."

'कर्मचारी मोकळा होत आहे,' अशी मी नोंद केली. तो पाठमोरा जाताना मला स्वतःलाही जरा वाईट वाटलं. (तीही नोंद केली.)

मंगळवारी मॅडमनी जातीने बावीस मिनिटं सांत्वन केलं. बोलता बोलता त्यांना आपलं वारलेलं मांजर आठवलं आणि शेवटी कारकुनालाच त्यांची समजूत काढावी लागली. सांत्वन कुणाच्या नावावर धरायचं, यावर थोडा वाद झाला. मॅडमच्या नावावर धरलं.

बुधवारी दुपारी चहावाल्या मावशींनी त्याच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, दुःखाचा अर्ज कशाला दिलास? मौजेचा दे. मी मागे 'फिरायला जायचंय' म्हणून लिहून दिलं, तर रजेच्या खिडकीवरच्या बाईने मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

मावशींचं खरं होतं. मजेत असलेल्या माणसाला करुणेची गरज नसते, म्हणून तसे अर्ज आम्ही जुन्याच पद्धतीवर सोडले होते. त्याने नवा कागद घेतला आणि लिहिलं : 'कारण : मौज.' अकरा सेकंदांत शिक्का बसला. (तोफेचाही विक्रम मोडला.)

गुरुवारी वेळापत्रकाप्रमाणे पहिले अधिकारी खुर्ची घेऊन आले, तर टेबल रिकामं. अर्ज बघून सगळे हादरले. "आपण याच्यासाठी रडलो," गुणवत्ताप्रमुख म्हणाल्या, "आणि हा मौज करायला गेला!" विश्वासाला एवढा तडा तोफेच्या काळातही गेला नव्हता. मॅडमनी मात्र मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

शुक्रवारी तो हजर झाला. "काय मग, मजा आली?" प्रत्येकाने विचारलं. "आली," तो म्हणाला आणि सुतळी घेऊन बसला.

एकूण हिशेब असा : सांत्वनं एक्क्याण्णव, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. (एका दिवसाची रजा आठ तासांची असते.) सर्वाधिक आपुलकी लाभलेला कर्मचारी म्हणून त्याला चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं आहे.

आईला दिसायला लागलं का, हे विचारायचं मात्र चौदाही जणांकडून राहून गेलं. वहीत तसा रकाना नाही. मावशींनी विचारलं म्हणे आणि उत्तर ऐकून त्याला एक जादा कप दिला; पण त्यांच्याकडे वही नसल्यामुळे ते सांत्वन होतं की अभिनंदन, हे कळायला मार्ग नाही.

इथवर वाचताना तुम्हालाही त्या कारकुनाबद्दल वाईट वाटलं असेल, तर एक सांत्वन तुमच्या नावावर धरायला माझी हरकत नाही. सात मिनिटं होत आलीच आहेत आणि खांद्यावर हात ठेवायची अट तुमच्यापुरती शिथिल करतो. फक्त इथे सही करा. आणि तुम्ही वाचत असताना मघापासून कुणीतरी कागद घेऊन तुमच्या टेबलाशी उभं आहे, त्याला सांगा, की ऐकून घेणं चालू आहे.