'रिकामा पाट'चा शेवट

"आजच्या पोरांना रडवायला काय लागतं? 'रिकामा पाट' लावा आणि रुमाल वाटत सुटा!"

झुलाल नानांनी भर जेवणात असं जाहीर केलं आणि वरणाची वाटी ताटात आपटली. त्याने वाक्याला वजन आलं, आणि सून ज्योतीच्या साडीला थोडं वरण लागलं.

निमित्त झालं ते नात रूपाचं. जळगावला इंजिनिअरिंगला शिकणारी ही पोर जेवताना सहज बोलून गेली, "नाना, जुने पिक्चर आता बघवत नाहीत हो. एक दार उघडायला त्यांना एक गाणं लागतं."

दुसरं काही बोलली असती तर नानांनी सोडून दिलं असतं. पण जुना पिक्चर म्हटलं की नानांना फक्त 'रिकामा पाट' दिसायचा. सबंध असोदा गावाला ही गोष्ट तोंडपाठ होती. लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ, आणि दर भाऊबीजेला रिकाम्या पाटाला ओवाळणारी बहीण. नानांनी ती लग्नाच्या पंगतीत सांगितली होती, दाढी करता करता न्हाव्याला सांगितली होती, आणि एकदा तर दहाव्याला गेले असताना तिथल्या मंडळींनाही सांगितली होती. तिथे लोक रडले, पण ते नेमके कशासाठी हे सांगता येत नाही.

"आणि शेवटी तो भाऊ इन्स्पेक्टर होऊन येतो आणि पाटावर बसतो," नाना म्हणाले. "काय तो शेवट! दगडाला पाझर फुटेल."

"नाना, मागच्या दिवाळीला तो डॉक्टर होता," रूपा म्हणाली.

"आधी डॉक्टर झाला, मग इन्स्पेक्टर. तेव्हाची माणसं शिकायची."

ज्योतीने पदराआड हसू दाबलं. नानांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे शर्त लावली. येत्या रविवारी शेतावर भरीत पार्टी ठरलेलीच होती. तिथेच पडदा लावून 'रिकामा पाट' दाखवायचा. इंटरवल सोडून 'समाप्त'च्या आधी एक जण जरी जागेवरून उठला, तर नाना या घरात जुन्या पिक्चरचं नाव काढणार नाहीत, आणि दुसऱ्याने काढलं तर कानांवर हात ठेवतील. कोणीच उठलं नाही, तर मात्र दर रविवारी सगळ्यांनी नानांबरोबर बसून एक जुना पिक्चर बघायचा.

"एक जण म्हणजे कोणीही?" रूपाने विचारलं. पोर हुशार.

"कोणीही. घरचा, दारचा, लहान, थोर. म्हैस उठली तरी मी हरलो!"

आता खरं सांगायचं तर नानांना ते दर रविवारचं फार हवं होतं. रिटायर झाल्यापासून घरात जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसायचा, आणि नाना टीव्हीसमोर एकटे. शेजारी कोणी बसून "पुढे काय होतं?" असं विचारावं, एवढीच त्या माणसाची हौस होती.

आणखी एक गोष्ट होती, पण ती फक्त नानांच्या बायकोला, सुंदरबाईंना ठाऊक होती. तरुणपणी नाना पाचोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. सुटी झाली की संध्याकाळचा खेळ बघायचे. पण जळगावकडे येणारी शेवटची पॅसेंजर खेळ संपायच्या आधीच सुटायची. पडद्यावर बहीण शेवटचं ओवाळायला पाटासमोर येते न येते, तोच स्टेशनकडून शिट्टी ऐकू यायची, आणि असोदा, भादलीकडची सगळी मंडळी चपला हातात घेऊन पळत सुटायची. नानांनी हा पिक्चर कितीदा तरी बघितला, लग्नानंतर सुंदरबाईंनाही दाखवला, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी उठून पळाले. म्हणजे ज्या शेवटावर त्यांनी हयात काढली, तो त्यांनी बघितलेलाच नव्हता.

म्हणून रविवारी शेतावर निघताना सुंदरबाई हळूच म्हणाल्या, "आते शेवट तरी दखाले भेटी." त्यांचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की त्यांना अहिराणीच लागायची. आता शेवट तरी बघायला मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

"हळू बोल," नाना म्हणाले.

थंडीचे दिवस, त्यामुळे दिवस लवकर मावळला. रूपाच्या वर्गातला प्रशील कॉलेजच्या गॅदरिंगचा प्रोजेक्टर घेऊन आला होता. पिक्चर यूट्यूबवर सापडला होता. पडदा म्हणून ज्योतीची नवी चादर बांधली. चादर पांढरी होती, पण मधोमध दोन मोर होते. त्यामुळे पिक्चरमधला सावकार आला की त्याच्या कपाळावर मोर नाचायचा, आणि बहीण रडायला लागली की तिच्या गालांवर एकेक मोर बसायचा. पोरं पहिल्या पाच मिनिटांत हसून लोळायला लागली.

"हसण्याचं काही ठरलं नव्हतं," नाना करड्या आवाजात म्हणाले. "उठायचं नाही, एवढंच ठरलंय."

जत्रेचा प्रसंग आला. भाऊ हरवला. बहिणीने "दादा" म्हणून हाक मारली आणि तिथेच पडद्यावर गोल चकरी फिरायला लागली.

"नेट गेलं," प्रशील म्हणाला. "माझ्या मोबाइलला रेंज आहे, पण त्या बांधावर जावं लागेल."

"उठायचं नाही!" नाना गरजले.

"मग पिक्चर कसा दिसणार, नाना?"

नाना विचारात पडले. शेवटी तोडगा निघाला. प्रशीलने बसल्या जागेवरून, बूड न उचलता, सरकत सरकत बांधापर्यंत जायचं. पोराची पँट मातीत गेली, पण त्याने शब्द पाळला. रेंज मिळाली आणि भाऊ पुन्हा हरवला.

भरताची वांगी भाजायचं काम शेजारच्या शेतातल्या उखर्डू आबांकडे होतं. आबांच्या हातचं भरीत म्हणजे गावात शेवटचा शब्द. पडद्याच्या अलीकडे कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवून त्यांनी वांगी लावली होती. इकडे पिक्चरमध्ये पहिली भाऊबीज आली. रांगोळी, समई, रिकामा पाट. बहीण एकटीच ओवाळते आहे. नाना मागे वळून बघतात तर काय! रूपा डोळे पुसते आहे. ज्योतीच्या नाकाला पदर. बांधावर बसलेला प्रशील हुंदके देतो आहे. नानांची छाती भरून आली.

"बघितलंस?" ते सुंदरबाईंना म्हणाले. "मी काय सांगत होतो? याला म्हणतात पिक्चर. रडा पोरांनो, लाजू नका."

"नाना," ज्योती खोकत म्हणाली, "मिरच्या."

वारा फिरला होता. उखर्डू आबांनी वांग्यांच्या जोडीला हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या होत्या, आणि सगळा ठसका थेट प्रेक्षकांत शिरत होता. आबांनी तिथूनच हाळी दिली, "नाना, मंडळींना जरा तिकडे सरकवा, मिरच्या कडक आहेत!"

दुसरा कोणी असता तर सरकला असता. पण सरकायचं म्हणजे उठणं आलं, आणि उठलं की शर्त गेली. नाना दोन्ही हात पसरून उभे राहणार होते, तेवढ्यात त्यांना आठवलं, की उभं तर त्यांनाही राहता येत नाही. मग त्यांनी बसूनच हुकूम सोडला, "कोणी हलायचं नाही! मिरची दोन मिनिटांची असते, पिक्चर जन्मभर पुरतो."

मिरची दोन मिनिटांची नव्हती. सगळी पंगत तशीच बसून शिंकत, खोकत, डोळे पुसत राहिली. पडद्यावरची बहीण रडायची थांबली, तरी प्रेक्षक थांबेनात. शेवटी उखर्डू आबांनीच दया येऊन मिरच्या काढल्या आणि लाकडी बडगीत घालून कुटायला घेतल्या. पुढचा अर्धा तास पिक्चरला बडगीचा ठेका होता. हाणामारीच्या प्रसंगाला तर तो फारच शोभून दिसला.

इंटरवलला सगळे जेवायला बसले. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, वर ताक. रूपा पुरी मोडता मोडता म्हणाली, "पण नाना, त्या सावकाराला ठाऊक आहे ना भाऊ कुठे आहे ते?"

नानांचा घास हातातच राहिला. कित्येक वर्षांनी घरातल्या कोणीतरी पुढचं विचारलं होतं.

"बघ की पुढे," ते शक्य तेवढं सहज बोलले, आणि आनंदाच्या भरात आणखी चार पुऱ्या खाऊन गेले. वर तांब्याभर ताक प्यायले. तिथेच घात झाला.

इंटरवलनंतर पोरं हसेनाशी झाली. मोर तेच होते, पण आता कोणाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. प्रशील पुन्हा बसून बांधावर सरकत गेला, तोही मान पडद्याकडे ठेवून. उखर्डू आबा निखारे विझवून येऊन बसले. नाना खुर्चीत शाल पांघरून रेलले. पोटात भरीत, अंगावर ऊब, मनात विजय. पापण्या जड झाल्या. डोळे उघडे ठेवायचेच, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते ठरवता ठरवताच मान छातीवर आली.

पडद्यावर शेवटची भाऊबीज आली. बहीण आता म्हातारी झाली होती. हातात ताम्हण घेऊन ती पाटासमोर आली. दारावर थाप पडली.

आणि नेमक्या त्याच क्षणी भादलीकडून येणाऱ्या गाडीने लांब शिट्टी दिली.

नाना ताडकन उठले! डोळे अर्धे मिटलेले, चपला हातात. "चल चल, गाडी सुटली!" म्हणत त्यांनी सुंदरबाईंचा हात ओढला.

सुंदरबाईंनी हात सोडवून घेतला. पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही जा. मी आज शेवट दखसू."

नाना एकटेच सुटले. शेताचा बांध ओलांडला, गाडीवाट धरली, आणि तरण्या पोरासारखे पळत पार सडकेला लागले. तिथे पायात काटा रुतला तेव्हा ते जागे झाले. पाहतात तर स्टेशन नाही, पाचोरा नाही, हातात स्वतःच्या चपला, आणि समोर एक कुत्रं उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं. मग सगळं ध्यानात आलं. ते लंगडत परत पळाले.

ते पोचले तेव्हा चादरीवर फक्त दोन मोर होते. 'समाप्त' होऊन गेलं होतं. शेकोटी विझून थंड झाली होती, मिरच्या केव्हाच पोटात गेल्या होत्या, आणि तरीही सगळे रडत होते. रूपा आजीच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. प्रशील नाक ओढत होता, आणि उखर्डू आबांनी तर उपरण्यात तोंडच लपवलं होतं. नाना गेले होते, हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एक सुंदरबाई सोडून.

"जिंकलो!" नाना धापा टाकत म्हणाले. "कोणी उठलं नाही ना?"

रूपाने डोळे पुसले आणि नानांच्या हातातल्या चपलांकडे बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"एक जण उठला, नाना."

"अगं, तो मी!"

"घरचा, दारचा, लहान, थोर," रूपा म्हणाली. "म्हैस उठली तरी, असं तुम्हीच म्हणाला होतात."

नाना मटकन खुर्चीत बसले. काटा काढता काढता त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "बरं, हरलो. पण तो आला का? पाटावर बसला का?"

रूपाने दोन्ही हात उचलून स्वतःच्या कानांवर ठेवून दाखवले.

घरी गेल्यावर नानांनी सुंदरबाईंना गाठलं. "एवढंच सांग, इन्स्पेक्टर होता की डॉक्टर?"

सुंदरबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, "ज्याचं नाव काढायचं नाही, त्याचा शेवट कसा सांगू?" आणि कूस बदलून झोपल्या. झोपेतही त्यांनी एकदा हुंदका दिला, म्हणजे शेवट भारीच असावा.

नानांचा फोन बटनांचा, त्यावर पिक्चर दिसत नाही. आणि शब्द दिला म्हणजे दिला, त्या बाबतीत नाना पक्के.

तर सध्या असं आहे की झुलाल नानांच्या घरी दर रविवारी संध्याकाळी एक जुना पिक्चर लागतो. पोरांनाच चटक लागली आहे. प्रशील प्रोजेक्टर आणतो, त्याचे दोस्त येतात, ज्योती चहा करते, उखर्डू आबा सगळ्यांच्या पुढे बसतात, आणि आतून मधूनमधून नाक शिंकरल्याचा आवाज येतो. नाना शर्तीप्रमाणे बाहेर ओट्यावर, दोन्ही हात कानांवर ठेवून बसलेले असतात. पण कधी असोद्याला गेलात तर जरा निरखून बघा. दाराच्या बाजूच्या कानावरचा हात अंमळ सैल असतो.