सरासरीत न बसणारा मेहुणा

ऑफिसात त्याला ठिपकेवाला म्हणत. चौकी, कोर्ट, तुरुंग असा सगळा कारभार त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभा केला होता. पकडलेला प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. कोणाचा खटला आधी घेतला तर तुंबलेली गर्दी ओसरेल, ते यंत्र सांगायचं आणि कोर्ट निमूट ऐकायचं. कैदेत थांबण्याची सरासरी निम्म्यावर आणतो, असं त्याने मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आणलीही!

पडद्यावर: ठिपके सुळसुळ बाहेर.

पडद्याबाहेर: त्याच्या मेहुण्याने दवाखान्यासमोरून दुसऱ्याचीच स्कूटर घरी आणली. रंग तोच, किल्लीही मुकाट फिरली. चौकीत त्याने हे सांगितलं तेव्हा हवालदार पोट धरून हसला आणि हसत हसतच त्याला आत टाकलं.

मेहुण्याच्या बहिणीने, म्हणजे ठिपकेवाल्याच्या बायकोने, नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, काळजी कसली, यंत्र माझंच आहे. रविवारी जेवायला घरी.

कितीतरी रविवार गेले. स्कूटरचा मालक परदेशात मुलीकडे जाऊन बसला होता. साक्षीदार नाही म्हणजे खटला किचकट, आणि किचकट खटला यंत्र मागे सारायचं. सोपे चटाचट उरकले की सरासरी उतरते ना! रोज नवे चोर येत, गुन्हा कबूल करत, दंड भरून मोकळे होत. मेहुण्याने चोरी केलीच नव्हती, त्यामुळे कबूल करायची सोय नव्हती. खरे चोर त्याचा निरोप घेऊन घरी जात.

शेवटी ठिपकेवाला साहेबांपुढे उभा राहिला. एक ठिपका हाताने पुढे घेऊ का, म्हणाला.

"घ्या की," साहेब म्हणाले. "पण तो सुटला की त्याचे एवढे महिने सरासरीत येतील, नाही का?"

येणार होते. नियम त्याचाच होता: दिवस मोजायचे ते सुटलेल्यांचेच, आतल्याचा हिशेब अजून पुरा कुठे झालाय? लिहिताना केवढं शहाणपणाचं वाटलं होतं.

"पुढच्या महिन्यात पाहुणे येतायत यंत्र बघायला. तेवढं होऊ द्या."

माऊस त्याच्याच हातात होता.

पाहुणे आले. टाळ्या झाल्या. मग दुसरे पाहुणे ठरले.

भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, इथे सगळे तुम्हाला दुवा देतात. जाता जाता. सरासरी किती आली?"

त्याने सांगितली.

"वा. मग मी हललो तर पंचाईतच की तुमची."

शेजारी उभ्या बायकोने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एकच डबा भरलेला होता आणि तो घेऊन ती तुरुंगाकडे निघाली होती.

"आणि माझा?"

"तुमचा पुढच्या महिन्यात," चपला घालत ती म्हणाली. "पाहुणे येऊन जाऊ देत."