मगदूम तात्या आणि दगडाचं माहेर

आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातले मगदूम तात्या तुम्हाला एस.टी.त कुठल्या बाजूला बसायचं ते सांगतात. तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतात.

एकदा मी वारणानगरला व्याख्यानाला निघालो होतो. तात्या दारात आडवे आले.

"सर, जाताना डावीकडं बसा. येताना बी डावीकडंच."

मी मनात हसलो. जाताना सावली डावीकडे असेल तर येताना ती उजवीकडे जाणार, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. आणि मी तर विभागप्रमुख. जाताना डावीकडे बसलो, गारेगार पोचलो. येताना शास्त्राला स्मरून उजवीकडे बसलो आणि कोल्हापूर येईपर्यंत माझा उजवा कान वांग्यासारखा भाजून निघाला. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं आणि दुपारचं पश्चिमेकडून, एवढा किरकोळ तपशील माझ्या शास्त्रातून निसटला होता.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं.

"उजवीकडं बसलासा व्हय?" एवढंच म्हणाले आणि दगड पुसायला गेले.

तात्या आमचे प्रयोगशाळा परिचर. दगडांची कपाटं, हातोड्या, होकायंत्रं, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. मूळचे शिरोळकडचे, त्यामुळे घाईत असले की कानडीत मोजतात. विभागाची सहल असो की सर्वेक्षण, आखणी तात्यांची. कुठली गाडी, कुठे चहा, कुठल्या गावात पंक्चर काढणारा भेटतो आणि कुठल्या गावात नुसता पाटी लावून बसतो, हे सगळं एका फुलस्केप कागदावर. स्वतः मात्र हा माणूस पुण्याच्या पुढे गेलेला नाही. आणि त्यांची एक खोड अशी की, कुणीही कुठेही निघालं की ते जायचं कधीच विचारत नाहीत.

"परतीचं सांगा आधी," म्हणतात. "जाणं काय, कुणाला बी जमतंय."

आता खरं सांगून टाकतो. मी या माणसावर जळत होतो. साधंसुधं नाही, चांगला धूर निघेपर्यंत. माझ्याच घरात, माझी बायको सुनंदा तिच्या मावशीकडे नाशिकला निघाली की मला बाजूला सारून म्हणायची, "तुम्ही राहू द्या हो, मी तात्यांना फोन करते." विद्यार्थी माझ्या केबिनवरून पुढे जात आणि तात्यांच्या स्टुलाजवळ थांबत. माझ्या दारावर पितळी पाटी, त्यांच्या स्टुलाला एक पाय तोकडा. तरी गर्दी तिकडेच.

अशात ते रियुनियनचं काम आलं.

रियुनियन हे हिंदी महासागरातलं एक छोटं बेट. आपला सह्याद्रीचा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसातून झाला, त्याचा उगम आज त्या बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. आपले दगड आणि तिकडचे दगड ताडून पाहायचे, असा प्रकल्प. तिथल्या संशोधक क्लेअरबाईंचं आमंत्रण. जाणार तीन जण: मी, माझी विद्यार्थिनी अश्विनी आणि तिचा सहकारी रणजित.

मी हे सगळं तात्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे आपल्या दगडाचं माहेर म्हणा की."

"तसं नाही तात्या, शास्त्रीय भाषेत त्याला..."

"माहेरच. मग मोकळ्या हातानं जायचं न्हाय." आणि त्यांनी जोतिबाच्या वाटेवरचा एक मुठीएवढा दगड त्याच दिवशी धुऊन, पुसून, कापडात बांधून ठेवला. क्लेअरबाईंना आहेर.

या वेळी आखणी मीच करायची, असं मी ठरवलं. परदेशाचा मामला, तिथे फुलस्केपवाल्याचं काय काम? मी सूचनापत्र काढलं. पहिलीच सूचना: बेट उष्ण कटिबंधात असल्याने जुलै महिन्यासाठी सुती, अर्ध्या बाह्यांचे कपडे घ्यावेत. ते फलकावर लागलं आणि तासाभरात तात्या केबिनच्या दारात.

"सर, ते बेट पृथ्वीच्या खालच्या अंगाला हाय न्हवं?"

"दक्षिण गोलार्धात. मग?"

"मग आपला जुलै म्हंजे त्यांचा गारठा. आणि तुमी चढणार ज्वालामुखीवर. स्वेटर लागंल की."

पृथ्वी हाच ज्याचा विषय, त्या माणसाला पृथ्वीला दोन गोलार्ध असतात हे सांगायला परिचर यावा लागला. अश्विनीने फलकावरचा कागद काढला. हसली नाही, पण तोंडावर ओढणी धरली होती. त्या दिवसापासून आखणी तात्यांकडे गेली.

त्यांनी अकरा कागद लिहिले. मुंबईपर्यंत कसं जायचं, मॉरिशसला विमान बदलताना किती वेळ मिळतो, त्यातला किती चालण्यात जातो, दगडांच्या पेट्या कुठे तोलायच्या, तिथे रोज सकाळी ढग यायच्या आत डोंगरावरून कधी उतरायचं. हे सगळं त्यांनी अश्विनीकडून क्लेअरबाईंना प्रश्न विचारवून काढलं होतं. तात्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहायला जमत नाही, म्हणून अश्विनीने कागद इंग्रजीत केले. शेवटी माझी सही. पण त्या पोरीने सहीच्या वर प्रामाणिकपणे लिहिलं: आखणी, श्री. मगदूम.

आठ दिवसांनी उत्तराचा छापील कागद माझ्या टेबलावरच्या फायलीत होता. मी चहा घेता घेता वाचला आणि चहा तसाच राहिला. बाईंनी लिहिलं होतं, एवढी नेटकी आखणी आपण आजवर पाहिली नाही. श्री. मगदूम यांनाही आणावं. त्यांचा राहण्याखाण्याचा भार आमचं केंद्र उचलेल, तिकिटाला प्रकल्पात जागा आहेच. नमुने गोळा करणं, क्रमांक घालणं, बांधणं यासाठी मला तिसऱ्या भूगर्भशास्त्रज्ञापेक्षा या गृहस्थांची अधिक गरज आहे.

तिसऱ्या! आम्ही तिघेच होतो. अश्विनी हुशार, रणजित दणकट. तिसरा कोण, हे मी आठवडाभर मोजत होतो आणि प्रत्येक वेळी बेरीज माझ्यावरच येऊन थांबत होती.

मी तो कागद फायलीतून काढला. घडी घालून आधी खिशात, मग ड्रॉवरमध्ये, मग तिथेही कुणी पाहील म्हणून घरी नेऊन प्रवासाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवला. कुणालाही बोललो नाही. सुनंदालाही नाही. तिला सांगितलं असतं तर तिने तात्यांचीच बॅग भरायला घेतली असती.

आणि तात्या? ते रोज येत होते, दगड पुसत होते. एकदोनदा केबिनच्या दारात उगाच उभे राहिले. "काय सर, काय न्हाय न्हवं?" म्हणाले. "काही नाही," मी म्हणालो. गेले.

मग आली तालीम. तात्यांचा नियम असा की, कुठलाही लांबचा दौरा आधी विभागात एकदा पुरा करून पाहायचा. निघायला दीड महिना असताना त्यांनी आम्हाला भरलेल्या बॅगांसकट बोलावलं. प्रयोगशाळेच्या मधोमध शाहूपुरीतल्या एका गूळवाल्याकडून आणलेला वजनकाटा. पलीकडे टेबलाआड, गळ्याला मफलर गुंडाळून, परदेशातले अधिकारी म्हणून स्वतः तात्या.

"या पावणं," त्यांनी अश्विनीला दरडावलं. "कशापायी आलाय?"

"दगडांचा अभ्यास करायला. पंधरा दिवसांनी परत. हे परतीचं तिकीट."

"पास. पुढचं पावणं!"

पुढचा मी. मी पृथ्वीच्या कवचाखालच्या उष्ण स्तंभापासून सुरुवात केली. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकायला लागला होता, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"रिजेक्ट."

"अहो, पण..."

"मागं रांग हाय, पावणं. एका वाक्यात सांगा आणि परतीचं सांगा. न्हायतर बसा त्या बाकड्यावर."

मी माझ्याच विभागात बाकड्यावर बसलो. रणजित पास होऊन गेला. मग माझी बॅग काट्यावर चढली. तात्या "ओंदु, एरडु, मूरु" करत काट्याकडे बघत होते. तीन किलो जास्त.

"उघडा."

"राहू दे तात्या, मी घरी काढतो."

"विमानतळावर घरी जाऊन काढणार व्हय? उघडा की!"

आधी निघाली आम्लाची बाटली. दगडात चुना आहे का हे बघायला आम्ही थेंबभर आम्ल टाकतो. विमानात ते चालत नाही, तिकडे बाई देणार, असं अकरा कागदांत तीनदा लिहिलेलं. मी ती पायमोज्यात घालून, पायमोजा बुटात घालून ठेवली होती. आपलं आम्ल ते आपलं आम्ल, एवढंच माझं म्हणणं. पोरं खिदळली. मीही हसलो, कारण आता काय निघणार ते मला आठवलं होतं आणि हसण्याशिवाय हाताशी काही नव्हतं.

तात्यांनी आतल्या कप्प्यात हात घातला. घडी केलेला कागद बाहेर आला. त्यांनी तो उघडला. दोन ओळी वाचल्या असतील, नसतील. पुन्हा घडी घातली, होती तशीच, त्याच कडांवर, आणि जिथून काढला तिथे ठेवून चेन लावली.

"काय होतं तात्या?" अश्विनीने विचारलं.

"कागद हाय. कागदाला वजन न्हाय," तात्या म्हणाले. "सरांची दोन पुस्तकं तेवढी काढा. पास."

पोरं गेल्यावर मी काटा पुसत बसलेल्या तात्यांजवळ गेलो. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, निघालं एवढंच, "तात्या, ते पत्र..."

"मीच छापलंतं की, सर."

मला पडद्यावरचं वाचवत नाही, म्हणून विभागाच्या नावाने येणारी प्रत्येक मेल तात्याच छापतात, मागे आवक क्रमांक घालतात आणि फायलीला लावतात. गेली कित्येक वर्षं. ज्या माणसाने कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला, त्याच्यापासूनच मी तो खिशात, ड्रॉवरमध्ये, बॅगेत लपवत फिरत होतो. जगात एवढं मोठं गाढव शोधायला वेगळी मोहीम काढावी लागेल.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी फडका झटकला. "बोलावणं तुमच्या हातात आलतं. तुमी सांगितलासा तर जायचं. मागून घ्यायचं असतं व्हय ते?"

"म्हणजे तुम्हाला जायचं होतं?"

तात्यांनी कपाट उघडलं, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि त्यातला पासपोर्ट माझ्यासमोर ठेवला. पहिल्याची मुदत संपली म्हणून नवा केलेला. आतली सगळी पानं कोरी होती. एकावरही शिक्का नव्हता.

मी त्याच दुपारी बाईंना कळवलं की आम्ही चौघे येतोय. आणि तात्यांचे सगळे कागद मी करायचे ठरवले. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. साहजिकच पहिल्याच अर्जात मी त्यांची जन्मतारीख म्हणून माझी लिहिली आणि दुसऱ्यात फोटो उलटा चिकटवला. ते शेजारी स्टुलावर बसून बघत होते आणि दर दहा मिनिटांनी "ऱ्हाऊ द्या सर, मी करतो की," म्हणत होते.

शेवटी विम्याचा फॉर्म उरला. नाव, पत्ता, रक्तगट झालं. पुढचा रकाना होता, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. बरोबर प्रवास करणारा माणूस चालणार नाही, मागे राहणारा हवा.

"कुणाचं लिहू, तात्या?"

"रिकामं ठेवा."

"रिकामं चालत नाही." याच रकान्यात अश्विनीच्या काकांच्या नंबरचा एक आकडा कमी पडला म्हणून तात्यांनीच तिचा फॉर्म दोनदा परत पाठवला होता.

"जयसिंगपूरला बहीण होती," ते म्हणाले. "पासपोर्टाला तिचंच नाव लिवलंय. गेल्या दिवाळीत गेली ती."

"आणि दुसरं कोणी?"

त्यांनी समोरच्या ट्रेमधला एक दगड उचलला आणि पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

मी सुनंदाला फोन लावला. तात्यांच्या फॉर्ममध्ये तुझं नाव घालू का, विचारलं.

"यात विचारायचं काय?" ती म्हणाली. "घाला की. आणि तुमच्या फॉर्ममध्ये कुणाचं आहे?"

"तुझंच."

"मग आधी तात्यांचं बघतील, तुमचं सावकाशीनं."

मी फोन ठेवला. जुनं जळणं आत थोडं धुमसलं, पण त्यात आता जोर नव्हता. सुनंदाचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. पुढे विचारलं होतं, नातं काय. पेन थांबलं. तात्या दगड पुसायचे थांबले होते आणि माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते.

मी लिहिलं. फॉर्म इंग्रजीत होता, तरी त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

"भावजय."

तात्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"सगळं एकदा वाचा, सर," मग म्हणाले. "नाव, नंबर, नातं. चूक नको राहायला."

मी वाचलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. स्टूल जरा जवळ ओढलं. "अजून एकदा वाचा."